आकडा पुसला जाऊ नये म्हणून



आज आपण चित्राबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर चित्र दिसत नाही हे खरं, पण कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. शेवटी काही गोष्टी गटाच्या वहीत उतरवून घ्यायच्या आहेत.

हल्ली गावोगावचे बचत गट मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर छोटी हलती चित्रं करू लागलेत. अर्ध्या मिनिटाचं चित्र असतं. कुणी ज्वारीच्या बिबड्यांची जाहिरात करतं, कुणी केळीच्या वेफर्सची, कुणी भरताच्या वांग्यांची. कुणी लसीकरणाची तारीख सांगतं, कुणी ग्रामसभेची. चित्र काढायला आठ-आठ दिवस जातात. रंग भरले जातात, आवाज जोडला जातो. मग शेवटी एक बटण येतं, त्याचं नाव एक्सपोर्ट. म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्र बाहेर काढायचं. ते बटण दाबलं की मशीन पाच-सहा प्रश्न विचारतं. फाइल कोणत्या जातीची? आकार किती? क्वालिटी किती? पारदर्शक ठेवायचं का? बहुतेक जणी इथे डोळे मिटून 'ओके' दाबतात. स्टुडिओतला मुलगा असेल तर तो म्हणतो, "चालतं हो ताई." पण आठ दिवसांची मेहनत टिकायची की वाया जायची, ते याच ठिकाणी ठरतं.

एक उदाहरण घेऊ. आपल्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. दिवस वैशाखाचे. जळगाव-भुसावळला तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. लेकीबरोबर लहान मुलं येतात, आणि उन्हाळ्यात मुलांना जुलाब लागायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही आमच्या गटात ओआरएसवर, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्यावर, एक हलतं चित्र करायला घेतलं. त्यात सांगायचं एवढंच होतं. आशाताईकडून ओआरएसची पुडी आणा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पुडी हाती नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत वापरा, उरलं तर फेकून द्या.

यात मापं तीन आहेत: एक लिटर, सहा चमचे, अर्धा चमचा. माठ, आजी, झोका, बाळाचं हसू ही सगळी सजावट आहे. बाळाच्या टोपीचा रंग थोडा फिका झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण 'अर्धा' नीट वाचता आला नाही आणि कुणी एक-दोन चमचे मीठ टाकलं, तर तान्ह्या मुलाच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून आम्ही चित्र काढायच्या आधीच ठरवलं, की बाकी काही गेलं तरी चालेल, ही तीन मापं गावातल्या सगळ्यात स्वस्त फोनवरही स्वच्छ दिसली पाहिजेत. एक्सपोर्टचं सेटिंग निवडायचं म्हणजे काय गमावलेलं चालेल आणि काय गमवायचं नाही, हे आपण ठरवायचं. आपण ठरवलं नाही, तर मशीन आपल्या वतीनं ठरवून टाकतं.

हलत्या चित्रातून शिकवायची रीत आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. पण त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला होता आणि थोड्या थोड्या वेळानं त्याचं एकेक चित्र टिपत गेले होते. ती चित्रं सलग दाखवली तेव्हा रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' हे मुलांसाठीचं चित्र केलं. पारध्याचं जाळं सगळ्यांनी मिळून उडवून नेणारी ती पाखरं आपल्यापैकी कितीतरी जणींनी टीव्हीवर पाहिली असतील. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली कामाला लागलेल्या राम मोहन यांनी पुढे १९९० च्या दशकात युनिसेफसाठी मीना नावाची मुलगी घडवली. मुलीच्या शाळेच्या, आरोग्याच्या गोष्टी तिच्या तोंडून घरोघरी गेल्या. या माणसांजवळ आपल्यासारखा फोन नव्हता. पण बघणाऱ्याला नेमकं काय कळलं पाहिजे, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

आता मशीन काय विचारतं ते एकेक करून समजून घेऊ.

कॉम्प्युटरवर रंगवलेलं किंवा फोननं काढलेलं चित्र हे बिटमॅप असतं. मॅटीच्या कापडावर आपण क्रॉस स्टिचचं भरतकाम करतो ना, अगदी तसं. एकेक चौकट मोजायची आणि त्यात ठरलेला रंग भरायचा. लांबून मोर दिसतो, जवळून नुसत्या चौकटी दिसतात. चित्रातल्या या चौकटीला पिक्सेल म्हणतात. फोनच्या पडद्यासाठी आडव्या १२८० आणि उभ्या ७२० चौकटींचं चित्र पुष्कळ होतं. गुणाकार केला तर ९,२१,६०० चौकटी भरतात. प्रत्येक चौकटीचा रंग लिहून ठेवायला तीन बाइट लागतात, म्हणजे एका चित्राचे सुमारे पावणेतीन एमबी झाले. आता सेकंदाला बारा चित्रं धरा. अर्ध्या मिनिटाला ३६० चित्रं होतात, आणि ओझं जातं जवळपास एक जीबीवर. एवढी फाइल कुणाच्या डेटा पॅकला परवडणार? म्हणून चित्र दाबून लहान करावंच लागतं. ते कसं दाबायचं, हाच मशीनचा पहिला प्रश्न असतो.

दाबायच्या दोन रीती आहेत. एक गोधडीची आणि एक वाळवणाची.

गोधडी घडी घालून पेटीत ठेवली की जागा कमी लागते. उलगडली की होती तशीच्या तशी, एक टाकाही कमी नाही. पीएनजी नावाची फाइल अशी असते. ती १९९६ साली आली. ती लिहून ठेवते की 'इथून पुढे चारशे चौकटी लाल', आणि चारशे वेळा लाल लिहायचं वाचवते. सपाट रंगाचं चित्र, जाड रेघ, अक्षरं, आकडे यांत सारखेपणा खूप असतो. म्हणून अशी चित्रं पीएनजीत लहानही होतात आणि शाबूतही राहतात. पण कपाशीच्या शेताचा फोटो पीएनजीत ठेवायला गेलात, तर प्रत्येक पानाची छटा वेगळी. घडी बसतच नाही, फाइल फुगते.

दुसरी रीत वाळवणाची. केळीचे काप वाळवले की वजन घटतं, चव राहते, पण त्याचं परत केळ होत नाही. जेपीईजी फाइल अशी असते. तिचं मानक १९९२ चं. ती चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट चौकटींचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा कळणार नाहीत असे बारकावे त्यातून काढून टाकते. चेहऱ्याचा फोटो, आभाळ, शेत, ताटातली शेवभाजी यांना ही रीत छान चालते, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. पण पांढऱ्यावर काळं अक्षर असेल, तर काळ्याची एकदम सीमा येते. तिथे जेपीईजी अडखळते आणि अक्षराभोवती माश्या बसल्यासारखे करडे ठिपके दिसू लागतात.

आपल्या देवनागरीला याचा जास्त फटका बसतो. आपल्या लिपीत बारीकसारीक खुणांत अर्थ असतो. अनुस्वाराचा एक ठिपका गेला की 'भांडे'चं 'भाडे' होतं. रफार पुसला की 'अर्धा' ओळखू येत नाही. १ आणि ९ यांच्यात थोडक्या वळणाचाच फरक आहे. फोटोत चार चौकटी इकडच्या तिकडे झाल्या तर कुणाला कळतही नाही, पण अक्षरात त्याच चार चौकटी म्हणजे वेलांटी असते.

तेव्हा पहिला नियम असा. फोटो असेल तर जेपीईजी. काढलेलं चित्र, अक्षर, आकडा असेल तर पीएनजी. आणि फोटोवर अक्षरं टाकायची असतील तर? मग दोन्ही एकाच चित्रात घोटू नका. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये थर असतात, त्यांना लेयर म्हणतात. खालच्या लेयरवर फोटो ठेवा जेपीईजीचा. वरच्या लेयरवर अक्षरं ठेवा पीएनजीची. अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटसारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रत्येक बिटमॅपसाठी वेगळं विचारलेलं असतं, की याला फोटोसारखं दाबू की जसंच्या तसं ठेवू? तिथे सगळ्यांना एकच उत्तर देऊ नका, चित्र बघून द्या.

दुसरा प्रश्न पारदर्शकतेचा. काचेवर माठ रंगवला, तर माठाच्या आजूबाजूनं मागचं अंगण दिसतं. पीएनजीत अशी काच असते. जेपीईजीत नसते. माठाचं चित्र जेपीईजीत काढलं, तर माठाभोवती पांढरा नाहीतर काळा चौकोन येतो आणि अंगणावर चिठ्ठी चिकटवल्यासारखा दिसतो. पेन्सिल टूडी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. त्यात फाइलमध्ये जाऊन एक्सपोर्ट, आणि तिथे इमेज सिक्वेन्स निवडलं की फाइलची जात विचारतात आणि पारदर्शकतेची चौकट येते. एखादं पात्र दुसऱ्या चित्रावर ठेवायचं असेल तर पीएनजी निवडा आणि त्या चौकटीत खूण करा. पूर्ण पडदा भरणारं चित्र असेल तर खुणेची गरज नाही.

तिसरा प्रश्न आकाराचा. फोनवर ४००० बाय ३००० चा फोटो निघतो, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास चौकटी. आपल्या पडद्याला लागतात सव्वानऊ लाख. तेरा पट ओझं कशाला वाहायचं? पडद्यावर माठ जेवढा दिसणार तेवढाच ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या. चित्रात पुढे माठाजवळ जाऊन तो दुप्पट मोठा दाखवायचा असेल, तर मूळ चित्रही दुप्पट मोठं हवं. लहान चित्र ताणलं की क्रॉस स्टिचच्या चौकटी उघड्या पडतात. चित्राची लांबी-रुंदी सम आकड्यात ठेवा, १२८०, ७२० अशी. शेवटी व्हिडिओ करताना विषम आकड्यावर काही सॉफ्टवेअर अडून बसतात. आणि पडद्याची उंची ७२० चौकटी असेल, तर महत्त्वाचा आकडा निदान सत्तर-बहात्तर चौकटी उंच काढा. बारीक अक्षराला कोणतंही सेटिंग वाचवू शकत नाही.

चौथा प्रश्न क्वालिटीचा. जेपीईजी निवडली की शून्यापासून शंभरपर्यंतची एक पट्टी येते. क्रिटा नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती दिसते. शंभर म्हणजे काहीच गमावलं नाही, असं नसतं. वाळवण ते वाळवणच. आमच्या अनुभवात फोटोला ऐंशी ते पंच्याऐंशी पुरतात. त्यावर गेलं की फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. साठाच्या खाली गेलं की आभाळात ठिगळं दिसू लागतात. पण हा आकडा आंधळेपणानं घेऊ नका. एकच चित्र साठ, ऐंशी, नव्वद असं तीनदा काढा, फोनवर शेजारीशेजारी बघा आणि जे पुरतं ते घ्या.

पाचवी गोष्ट मशीन विचारत नाही, आपणच ध्यानात ठेवायची आहे. वाळवण एकदाच करायचं. जेपीईजी उघडली, थोडं बदललं, परत जेपीईजीत ठेवली, परत उघडली, असं करत गेलं की दर खेपेला थोडं थोडं झडत जातं. म्हणून काम चालू असेपर्यंत सगळं पीएनजीत ठेवा आणि अगदी शेवटी एकदाच एमपीफोर व्हिडिओ बनवा. सगळी चित्रं आधी एकेक पीएनजी म्हणून काढायची, ०००१, ०००२, ०००३ असे नंबर देऊन, आणि मग त्यांचा व्हिडिओ करायचा. याचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. थेट व्हिडिओ काढायला लावला आणि अर्ध्यात लाइट गेली, तर फाइल बहुधा उघडतच नाही. पीएनजी काढताना दोनशेव्या चित्राला लाइट गेली, तर आधीची एकशे नव्व्याण्णव जागेवर असतात. लाइट आली की दोनशेपासून पुढे.

चित्रं किती, हेही आपल्या हातात आहे. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. आपल्या कामाला बारा पुरतात. आजी चमच्यानं साखर टाकते, एवढंच तर दाखवायचं आहे. चित्रं निम्मी झाली की काढायची मेहनत निम्मी होते आणि फाइलही लहान राहते. जिथे आकडा दाखवायचा तिथे तर चित्र हलवूच नका. तीन-चार सेकंद तसंच थांबू द्या. थांबलेलं चित्र व्हिडिओत कमी जागा घेतं आणि वाचणारीला वेळ मिळतो.

आता व्हॉट्सॲप. आपण कितीही जपून चित्र काढलं, तरी फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते आपल्या सोयीनं पुन्हा दाबतं. म्हणजे वाळवलेलं परत उन्हात घालायचं. म्हणून अक्षरांचं चित्र पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशी आहे तशी जाते. पण सगळ्याच जणी काही डॉक्युमेंट उघडत बसणार नाहीत. तेव्हा चाचणी व्हॉट्सॲपवरूनच करा. आधी आपल्याच गटातल्या एकीला पाठवा, तिच्या फोनवर काय पोचलं ते बघा, मग गावभर पाठवा.

लेबलाबद्दल थोडंसं. छापायचं चित्र आणि पडद्यावरचं चित्र यांचं माप वेगळं. छपाईला एका इंचात ३०० चौकटी लागतात. वेफर्सच्या पाकिटावरचं लेबल तीन इंच बाय दोन इंच असेल, तर चित्र ९०० बाय ६०० चं हवं. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाची किंमत आहे. आणि पाकिटावरचं वजन, तारीख, परवान्याचा नंबर धुरकट छापला गेला, तर माल चांगला असूनही दुकानदार पाकीट उलटंपालटं करून बाजूला ठेवतो. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र प्रेसला देऊ नका. मूळ पीएनजी पेन ड्राइव्हवर घेऊन जा.

शेवटचा मुद्दा मालकीचा. चित्र बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं, तर नुसता व्हिडिओ घेऊन घरी येऊ नका. सॉफ्टवेअरची मूळ फाइल आणि सगळ्या पीएनजी मागून घ्या. पैसे ठरवतानाच हे बोलून घ्या. पुढच्या वर्षी भाव बदलला, तारीख बदलली, तर एक आकडा बदलण्यासाठी पुन्हा पूर्ण पैसे मोजायची पाळी येणार नाही. गटाची वही जशी गटाच्या पेटीत असते, तशी गटाच्या चित्राची मूळ फाइल गटाजवळ असावी. ती दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेन ड्राइव्हवर.

आता वही घ्या आणि लिहा.

एक: या चित्रात काय पुसून चालणार नाही, ते आधी लिहायचं.
दोन: फोटो जेपीईजी, चित्र आणि अक्षर पीएनजी.
तीन: पात्र दुसऱ्या चित्रावर ठेवायचं असेल तर पीएनजी आणि पारदर्शकतेची खूण.
चार: पडद्याला १२८० बाय ७२०, छपाईला इंचाला ३००.
पाच: काम संपेपर्यंत पीएनजी, व्हिडिओ शेवटी एकदाच.
सहा: मूळ फाइल गटाजवळ, दोन ठिकाणी.

आणि सातवं, जे कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं नाही. चित्र तयार झालं की गावातली ज्यांची नजर थोडी कमी झालीय अशी एखादी आजी शोधा. त्यांच्या हातात साधा, स्वस्तातला फोन द्या, पडद्यावर चरा पडलेला असला तर उत्तमच. घरातल्या सावलीत नको, ओट्यावर उन्हात बसवा. "आजी, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा," असं म्हणा. आपण मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही. आजींनी 'एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ' असं न अडखळता वाचलं, की समजा सेटिंग बरोबर आहे. त्या अडखळल्या, तर आजींचा दोष नाही. अक्षर मोठं करा, सेटिंग बदला आणि पुन्हा त्यांच्यासमोर बसा.

पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी काढा. आपल्या गटाचं एखादं जुनं चित्र किंवा लेबल मधे ठेवा आणि प्रत्येकीनं त्यातले आकडे वाचून दाखवा.